अक्काचा वाटा

वैशाख आला की सोलापुरातली माणसं सावली शोधतात आणि मी गच्चीवर जातो. खालून सून ओरडते, "बाबा, डोक्यावर टोपी तरी घाला!" मी टोपी घालतो, पण खाली येत नाही. यंदा मुहूर्त दाट आहेत. दाराच्या फटीतून पत्रिका आत सरकतात, हळदीकुंकवाची बोटं उमटलेल्या. संध्याकाळी रस्त्यावरून डीजेची गाडी जाते तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि गल्लीतले शहाणे लोक कानांवर हात ठेवतात. मला राग येत नाही. आवाज कसाही असो, त्याच्यामागे घोड्यावर एक भेदरलेला नवरदेव असतो आणि त्याच्यापुढे कुणीतरी घामाघूम होऊन नाचत असतं. माझी बोटं आपोआप हलायला लागतात. ट्रम्पेटच्या कळांवर हलायची तशी. नातू विचारतो, "आजोबा, हवेत कुणाला मेसेज टाइप करताय?"

त्याला काय सांगू! लगीनसराई आली की माझं वय कमी होतं. हळदीचा वास, ओल्या मांडवाचा वास, गॅसबत्तीच्या जाळीचा जळका वास, उन्हात तापलेल्या पितळेचा ओठांना बसणारा चटका, हे सगळं एकदम अंगावर येतं. आणि त्यात एक सराई बाकी सगळ्यांना बाजूला सारून पुढे येते.

दुष्काळ ओसरल्यानंतरची ती पहिली भरघोस सराई होती. दुष्काळात ठरलेली पण थांबलेली, पुढच्या सालावर ढकललेली सगळी लग्नं एकदम उभी राहिली होती. खडी फोडायला गेलेल्या पोरींच्या हातांचे घट्टे अजून मऊ झाले नव्हते, त्याच हातांवर मेंदी चढली. ज्वारी उभी राहिली होती, विहिरींना पाणी होतं, आणि गावोगावची माणसं जणू एकमेकांना विचारत होती, आता कशासाठी थांबायचं?

मी मूळचा मोडनिंबचा. शेतात काही राहिलं नाही तेव्हा सोलापूरला आलो आणि गिरणीत बदली कामगार झालो. म्हणजे कुणी कामावर आलं नाही तर त्याच्या जागी मी. कुणी ना कुणी आजारी पडावं म्हणून रोज दारात उभं राहायचं, हे माझ्या जिवाला लागायचं. गिरणीतून परतताना बाळीवेशीच्या मागे एका परसात बँडचा सराव चाललेला असायचा. मी कुंपणाला टेकून ऐकायचो. एक दिवस बँडमास्तरांनी हाक मारली, "नुसता काय उभा राहतो बे? आत ये." आत गेलो तो आतच राहिलो. सहा महिन्यांत ट्रम्पेट शिकलो, आणि दत्तू मोडनिंबकर हे नाव पुसलं जाऊन दत्तू ट्रम्पेट झालो.

मास्तर म्हणजे इमामभाई. उंच, किडकिडीत, गालफडं बसलेली. पण क्लॅरिनेट ओठांना लावली की त्याच गालांत कुठून एवढा वारा यायचा कळत नसे. मोठा ढोल मल्लेशमकडे. मल्लेशम दिवसा मागावर चादरी विणायचा, घरात तेलुगू बोलायचा, बाहेर आमच्यासारखीच सोलापुरी मराठी, आणि भडकला की दोन्ही एकदम. आकाराने तो ढोलाला शोभेल असाच होता. बाकी साथीदार होते, पण या गोष्टीत बोलायचं ते मास्तर, मल्लेशम, मी आणि नीलव्वाक्का यांनीच.

ज्या परसात आम्ही सराव करायचो ते परस नीलव्वाक्काचं. ती विधवा होती, अक्कलकोटकडची. बोलता बोलता मराठीतून कानडीत जायची आणि परत यायची. पहाटेपासून चुलीपुढे बसून कडक भाकऱ्या थापायची आणि शेंगदाण्याची चटणी कुटायची. त्या चटणीचा तांबडा, लसणाचा वास आमच्या प्रत्येक गाण्यात असे. तिची एकुलती एक मुलगी विजया, घरात विजी. ती शिवणयंत्रावर बसून आमच्या ठेक्यावर पाय मारायची, त्यामुळे आमचा ठेका चुकला की तिची शिवण वाकडी जायची आणि आतून शिवी यायची.

आमची वाद्यं तेव्हा मोडकळीला आली होती. माझ्या ट्रम्पेटला भोक पडलं होतं, तिथे मेण लावलं होतं. ऊन चढलं की मेण वितळायचं आणि ऐन नवरीच्या बापासमोर ट्रम्पेट शिंकायचा. मल्लेशमच्या ढोलाचं कातडं ठिगळांचं. तुळशीचं लग्न झालं, सराई दारात आली, सुपाऱ्या, म्हणजे लग्नात वाजवायची बोलावणी, येऊ लागल्या, आणि एका संध्याकाळी सरावात मास्तरांच्या क्लॅरिनेटची एक कळ तुटून थेट अक्काच्या भाकरीच्या परातीत पडली.

अक्का पदराला हात पुसत बाहेर आली. कळ मास्तरांच्या हातावर ठेवून म्हणाली, "मास्तर, तुमचं सामान रडतंय. नवीन घेत का नाही?"

मास्तर हसले. किंमत सांगितली. आम्हाला वाटलं, ऐकून तीही हसेल. ती आत गेली आणि इरकली लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आली. ते तिने मास्तरांच्या पुढे ठेवलं.

"विजीच्या लग्नाचे आहेत," ती म्हणाली.

मास्तर खरोखरच मागे सरले. "नक्को अक्का. पोरीचे पैसे. तौबा, तौबा."

"आधी ऐका की. वैरागचं स्थळ पक्कं झालंय, किराणा दुकान आहे त्यांचं. लग्न वैशाखात. पण तोपर्यंत हे पैसे माझ्या घरात राहणार नाहीत. घरात पैसा आला की दिराला वास येतो. आज बैल आजारी, उद्या विहिरीचं इंजिन. 'नाही' म्हणायला मला तोंड आहे, पण माझ्यामागे उभं राहायला कोण आहे? तुमच्या पिपाण्यांत राहू देत. बँडवाल्याकडे पैसा असेल असं कुणाला वाटतंय?"

आम्ही सगळे हसलो, कारण खरंच होतं ते.

"बरं, मग महिन्याच्या महिन्याला थोडे थोडे परत..."

"हप्ता बेड," अक्का म्हणाली. बेड म्हणजे नको. "थोडे थोडे आले की थोडे थोडेच जातील. अक्षय तृतीयेला सगळे एकदम हातात पाहिजेत. त्याच आठवड्यात लग्न आहे. एक दिवस उशीर झाला तर वैरागचे लोक थांबायचे नाहीत."

"आणि व्याज?"

"व्याज म्हणून नीट वाजवा. कानाला त्रास होतोय केव्हापासून."

आतून विजी ओरडली, "आई, पावती तरी घे!"

"रोज संध्याकाळी ऐकू येईल की," अक्का म्हणाली, "तीच पावती."

वाद्यं पुण्याहून रेल्वेने आली. मी आणि मास्तर स्टेशनवरून टांग्यात खोकी घालून आणली. परसात खोकी उघडली तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली होती. पेंढ्यातून पहिल्यांदा ट्रम्पेटचा कर्णा वर आला आणि संध्याकाळचं ऊन त्यात असं काही पडलं की समोरच्या भिंतीवर एक सोनेरी गोल हलायला लागला. मास्तरांनी क्लॅरिनेट हातात घेतली, वाजवली नाही, फक्त सगळ्या कळांवरून बोटं फिरवली. मल्लेशमने ढोलाला कान लावला, नाक लावलं, मग डोळे मिटून एकच टिपरू मारलं. तो आवाज पोटात गेला. झाडावरचे कावळे उडाले. "देवुडा!" मल्लेशम म्हणाला आणि भर गल्लीत रडायला लागला. एवढा मोठा माणूस रडतोय म्हणून बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि हसता हसता डोळे पुसत होत्या.

त्या रात्री मला झोप आली नाही. आनंद होताच, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. जे वाजणार होतं ते एका मुलीच्या लग्नाचे पैसे होते.

पहिली सुपारी शहरातलीच होती. वाजवून आलो, परसात चादर अंथरली, मास्तरांनी मिळालेल्या पैशांचे वाटे घालायला सुरुवात केली. आमच्यात पद्धत अशी की प्रत्येकाचा एक वाटा, मास्तरांचे दोन. त्या दिवशी मात्र मास्तरांनी सगळ्यांत आधी एक वाटा काढून लांब ठेवला आणि मग आमचे घालू लागले.

मल्लेशम म्हणाला, "मास्तर, चुकलात. एक वाटा जास्त पडला."

"चुकलो नाही. अक्काचा आहे."

"आत्तापासून? अक्षय तृतीया कुठं, आपण कुठं! अजून शेकोटी पेटतीय. चैत्रात बघू की, तेव्हा रग्गड सुपाऱ्या असतात."

"चैत्रात बघू म्हणणाऱ्याला चैत्रात काय दिसतं माहितीय का बे? चैत्र. पैसा दिसत नाही." मास्तरांनी लांबचा वाटा रुमालात बांधून माझ्याकडे दिला. "दत्तू, उद्या पोस्टात टाक. खातं दोघांच्या नावावर काढू, तुझ्या नि माझ्या. एकट्याच्या मनात आलं तरी निघायला नको."

मल्लेशमने आपला वाटा उचलला, पण त्याची नजर रुमालावरून हटत नव्हती. खोटं कशाला बोलू, माझीही.

आणि मग सुरू झालं! बसच्या टपावर ढोल, खाली आम्ही, मांडीवर वाद्यं. वैरागच्या बाजारात लग्न, करमाळ्याकडे केमच्या स्टेशनबाहेर लग्न, माझ्याच मोडनिंबात माझ्याच चुलतभावाचं लग्न. मोडनिंबात आई मांडवाच्या खांबाला धरून उभी होती आणि शेजारणीला सांगत होती, "त्यो पिवळं वाजिवतोय न्हवं, त्यो माजा दत्तू." केमला एक म्हातारा आमच्यापुढे येऊन बसला आणि म्हणाला, "वाजवा की लेकानू, दोन साल नुसता वारा ऐकलाय." आम्ही वाजवलं. रानात हुरडा भाजत असायचा, लग्नघरची माणसं ओंजळभर गरम दाणे आमच्या हातांवर ओतायची, आणि हुरड्याची राख लागलेल्या ओठांनी मी पुन्हा ट्रम्पेट धरायचो. सगळा मुलूख जेवत होता, नाचत होता.

प्रत्येक वेळी परतलो की चादर, आणि चादरीवर पहिला अक्काचा वाटा. सुपारी मोठी असो नाहीतर कसंबसं बसचं भाडं सुटावं इतकी. सोमवारी मी पोस्टात जायचो. खिडकीमागचा कारकून विचारायचा, "काय, या आठवड्यात कुणाचं लग्न लावून आलात?" मी सांगायचो. त्यालाही सवय झाली होती.

इथे एक गोष्ट मला आजही नवलाची वाटते. कर्ज झालेला माणूस मान खाली घालून चालतो, हे मी मोडनिंबात लहानपणापासून पाहिलं होतं. सावकार समोरून आला की वाट बदलायची. आमचं उलट झालं. आम्ही रोज अक्काच्याच परसात, तिच्याच समोर, छाती काढून वाजवत होतो. जितके पैसे बाजूला पडत तितका माझा सूर वर चढे. वैशाख आमच्याकडे येत नव्हता, आम्हीच वाजत वाजत वैशाखाकडे निघालो होतो.

माझ्या मुलाने घरासाठी कर्ज काढलंय. त्याचा हप्ता बँकेत आपोआप कापला जातो. फोन किणकिणतो, तो एक नजर टाकतो आणि फोन उपडा ठेवतो. चांगलीच सोय आहे. पण मला त्याच्यासाठी थोडं वाईट वाटतं. त्याला कधी चादर अंथरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या हाताने तो वाटा बाजूला सारता येत नाही.

पौषात मुहूर्त नसतात. सराई थबकते. मल्लेशमचे मागही तेव्हा सुताअभावी बंद पडले होते. तो आला, ढोलाशेजारी बसला आणि सरळ म्हणाला, "मास्तर, पोस्टातले थोडे काढू. माघात भरू. अक्काच्या वाट्याला पोट नाही, आपल्याला आहे."

"पोट नसलं तरी त्याला दिवस ठरलेला आहे," मास्तर म्हणाले. मग आपल्या दोन वाट्यांपैकी शिल्लक होतं ते त्यांनी मल्लेशमच्या हातावर ठेवलं. मल्लेशमला ते घ्यायला लाज वाटली आणि न घेऊन चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी तोच कुठूनतरी काम शोधून आला. एका थिएटरवाल्याला नवीन सिनेमा लागणार म्हणून गावभर पोस्टरचा हातगाडा फिरवायचा होता, पुढे बँड हवा होता. संक्रांतीच्या थंडीत, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीतून, नटनट्यांच्या कागदी तोंडांपुढे आम्ही वाजवत फिरलो. पोरं मागून पळत होती. नवरा नाही, नवरी नाही, पण अक्काचा वाटा निघाला. त्या दिवशी तो मल्लेशमनेच चादरीवर बाजूला सारला.

सगळंच असं सरळ झालं असतं तर काय हवं होतं. चैत्रात एका गावी दोन्ही व्याही मानपानावरून भांडले. वरात अर्ध्यावर राहिली. बँडचे पैसे तो देईल म्हणून हा निघाला, हा देईल म्हणून तो. आम्ही रिकाम्या हाताने परतलो, वर बसचं भाडं अंगावर. मग आणखी एक सुपारी वळवाने धुऊन नेली. पोस्टातले पैसे मोजले, उरलेल्या सुपाऱ्या मोजल्या. कमी पडत होते. फार नाही, पण विजीच्या लग्नाचं जेवण अडेल इतके.

आणि नेमका तेव्हाच अक्काचा दीर उगवला. आम्ही सराव करत होतो. पांढरंशुभ्र धोतर, काखेत छत्री. नाव शिवप्पा. गोड आवाजात म्हणाला, "वहिनीनं सांगितलंय, पैसे माझ्याकडं द्या. मी पोचवतो. तुम्हाला कशाला हेलपाटा?"

अक्का भाकऱ्या पोचवायला बाजारात गेली होती. शिवणयंत्राचा आवाज बंद झाला. विजी दारात येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आईने असं काही सांगितलेलं नाही.

"कुठले पैसे?" मास्तरांनी विचारलं.

"मला सगळं कळलंय."

"अक्का स्वतः येऊ दे. ज्या हातातून घेतले त्याच हातात देणार."

शिवप्पाचा आवाज चढला. घराणं, मान, बँडवाल्यांची लायकी, सगळं बाहेर येऊ लागलं. तेवढ्यात मल्लेशमने ढोलावर एक टोला मारला. शिवप्पा थांबला. पुन्हा बोलू लागला. मल्लेशमने पुन्हा टोला मारला. मग आम्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं. मी ट्रम्पेट उचलला. मास्तरांनी हसू दाबत क्लॅरिनेट ओठांना लावली. शिवप्पाचं तोंड हलताना दिसत होतं, हातवारे दिसत होते, पण ऐकू येत होतं ते फक्त आमचं जोरदार लग्नाचं गाणं. विजी दाराच्या चौकटीला धरून इतकी हसली की खालीच बसली. शेवटी शिवप्पाने छत्री आपटली आणि निघून गेला.

हसणं ओसरल्यावर सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. दिराला तोंड भरून नाही म्हटलं होतं. आता पैसे पूर्ण झाले नाहीत तर हसायला तो येणार होता.

अक्षय तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी, पैसे द्यायच्या आधीची, आमची शेवटची सुपारी होती. पोस्टातले पैसे काढून मास्तरांच्या घरी ठेवले होते. वरात निघाली, दिवेलागण झाली होती, रस्ता अजून तव्यासारखा तापलेला. नव्या पेठेच्या चौकात पोचलो आणि समोरून दुसरी वरात आली. तिच्यापुढे बाहेरगावचा बँड. जरीच्या टोप्या, आमच्यापेक्षा माणसं जास्त, दोन ढोल. रस्ता अरुंद. बाजूला कुणी व्हायचं? दोन्ही नवरदेवांचे मामा समोरासमोर उभे राहिले, मिशांना पीळ पडला, आणि कुणीतरी ओरडलं, "वाजवा! जो हरेल तो बाजूला!"

गर्दी फुटून आली. गच्च्या, ओटे, दुकानांच्या फळ्या, सगळीकडे माणसं. समोरच्या बँडने सिनेमातलं नवीन गाणं घेतलं आणि काय सांगू, सुरेख वाजवलं. त्यांच्या दोन ढोलांनी जमीन हादरली. आमच्या बाजूची माणसं गप्प झाली. मास्तरांनी घाई केली नाही. त्यांचं संपू दिलं. मग क्लॅरिनेट वर धरून एकच सूर लावला. तो सूर सरळ वर गेला आणि तिथेच राहिला. श्वास कुठे घेतात म्हणून लोक त्यांच्या गळ्याकडे बघायला लागले. चौक शांत झाला. समोरचा बँडमास्तरसुद्धा मान वर करून ऐकत होता. तो सूर खाली यायच्या आत मास्तरांनी डोळ्याने मला खूण केली आणि मी त्याच सुरात शिरलो.

मी माझ्या आयुष्यात तसा पुन्हा कधी वाजवला नाही. माझं मलाच कळत नव्हतं कोण वाजवतंय. खाली मल्लेशमचा ढोल सुरू झाला, आधी हळू, मग चालत, मग पळत. एक म्हातारी ओट्यावरून उतरून नाचू लागली. दोन्ही वराती एकमेकींत मिसळल्या, कोण कुणाचा वऱ्हाडी कळेना. समोरच्या बँडचे दोघं ढोलवालेही मल्लेशमबरोबर वाजवायला लागले! कोण जिंकलं ते कुणी विचारलंच नाही. नवरदेवांवरून ओवाळलेल्या नोटा आमच्या अंगावर पडत होत्या. कुणी मल्लेशमच्या पागोट्यात खोचली, कुणी माझ्या खिशात, कुणी मास्तरांच्या टोपीखाली.

अशी मिळालेली बक्षिसी ज्याची त्याची, ही आमची रीत. तिचे वाटे पडत नाहीत. परसात परतलो, चादर अंथरली, मास्तर सुपारीचे पैसे मोजू लागले. अक्काचा वाटा काढला. अजून कमीच. तेव्हा मल्लेशमने पागोटं उतरवलं आणि चादरीवर झटकलं. नोटा पडल्या. मग सदऱ्याचे खिसे उलटे केले.

"मल्लेश, ही तुझी बक्षिसी आहे," मास्तर म्हणाले.

"ढोल कुणाचा आहे?" मल्लेशमने विचारलं. "उद्या सकाळपर्यंत अक्काचा. मग बक्षिसी माझी कशी? उद्यापासून घेईन की माझी!"

मी खिसे रिकामे केले. झांजवाल्याने केले. एकेकाने सगळ्यांनी केले. मास्तर मोजत होते, आणि मोजता मोजता त्यांचे ओठ हलायचे थांबले. त्यांनी मान वर केली. "भरले बे," एवढंच म्हणाले.

आम्ही ओरडलो, पण तोंडावर हात ठेवून, कारण पलीकडच्या खोलीत अक्का झोपायच्या तयारीत होती आणि ही बातमी सकाळीच द्यायची होती.

सकाळी सगळे पोशाख चढवून तिच्या दारात गेलो. आत आमरसाचा वास. मास्तरांनी रुमाल तिच्या हातात दिला. अक्काने विश्वास वगैरे काही दाखवला नाही. पाटावर बसली आणि मोठ्याने, कानडीत, नोट न् नोट मोजली. "ओंदु, एरडु, मूरु..." आम्ही शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे. विजी आईच्या मागे उभी राहून तिच्या बोटांकडे बघत होती. मोजणं संपलं. अक्काने त्या नोटा कपाळाला लावल्या आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "बरोबर आहेत," ती म्हणाली. "बसा, जेवा."

जेवताना मास्तर म्हणाले, "विजीच्या लग्नात आम्ही वाजवणार. आमच्याकडून."

"फुकट बेड."

"अक्का, व्याज समजा."

"व्याज रोज ऐकलंय. माझ्या पोरीच्या लग्नात मी यजमान आहे. बोला, किती?" आणि वाढता वाढता तिने इसार म्हणून एक नोट मास्तरांच्या पानाशेजारी ठेवली. मास्तर पुष्कळ भांडले. शेवटी घेतली.

लग्नाचं सांगण्याआधी थोडं पुढचं सांगतो. नंतरच्या सुपारीला मास्तरांनी सवयीने आधी एक वाटा काढून लांब ठेवला. कर्ज तर फिटलं होतं. सगळे त्या वाट्याकडे बघत राहिलो, पण कुणाचा हात पुढे झाला नाही. "राहू दे," मल्लेशम म्हणाला. "कुणाला ना कुणाला लागेलच की." पुढे त्याच वाट्यातून त्याच्या मागाचं देणं भागलं, माझ्या लग्नासाठी काढलेली उसनवार फिटली, मास्तरांच्या डोळ्यांचा इलाज झाला. देणं अजून झालेलंच नसायचं आणि ते फेडायची तयारी पोस्टात बसलेली असायची. त्याचं नाव मात्र शेवटपर्यंत अक्काचा वाटाच राहिलं.

आणि लग्न! वैरागहून दोन ट्रक भरून वऱ्हाड आलं. गल्लीत मांडव, मांडवाला आंब्याचे डहाळे. विजी हिरव्या लुगड्यात इतकी वेगळी दिसत होती की मला क्षणभर ती ओळखूच आली नाही. शिवप्पाही आला होता. त्याने आमच्याकडे बघायचं टाळलं. पण ढोल लागला आणि अर्ध्या तासात तो मिटलेली छत्री डोक्यावर नाचवत वरातीच्या अगदी पुढे होता. मल्लेशम माझ्या कानात म्हणाला, "आता ऐकू येतंय बघ त्याला."

अक्का दिवसभर दिसलीच नाही. चूल, पंगती, पाहुणे. तिने आमच्या इतक्या महिन्यांच्या सरावातलं एकही गाणं कधी समोर बसून ऐकलं नव्हतं, भाकरी थापता थापता पाठीने ऐकलं होतं. ऊन उतरलं, निरोप झाला, विजी आईच्या गळ्यात पडून रडली, नवरानवरी फुलं लावलेल्या ट्रकमध्ये बसली. आम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत वाजवत गेलो. ट्रक वैरागच्या रस्त्याला लागला, धूळ उडाली आणि खाली बसली. मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतली. माझे ओठ सुजून बधिर झाले होते. मल्लेशमने ढोलाचा पट्टा सोडला.

तेव्हा गर्दीतून वाट काढत अक्का आली. कपाळावर घाम, हातांना पीठ, डोळे रडून लाल. आमच्यासमोर, अगदी ढोलाच्या समोर, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"थांबलात का?"

"झालं की अक्का," मास्तर म्हणाले. "वरात गेली."

"पैसे कुणी दिलेत?"

"तुम्ही."

"मग?" ती म्हणाली. "मी अजून साकु म्हटलंय का?"

साकु म्हणजे पुरे. रिकाम्या रस्त्यात ती खाली मातीत मांडी घालून बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान वर करून आमच्याकडे बघायला लागली. मल्लेशमने पट्टा पुन्हा गळ्यात घातला. मी ट्रम्पेटचं तोंड सदऱ्याला पुसलं. मास्तरांनी श्वास भरून घेतला.